सोमवारची सवत

काकांच्या बायकोला एक सवत होती आणि ती दर सोमवारी सकाळी बरोबर सहाला यायची. इतकी वेळ पाळणारी बाई काकूंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पावणेसहाला गजर वाजायचा. काका धडपडत उठून लॅपटॉप उघडायचे, सहाच्या ठोक्याला काहीतरी बडवायचे, पाच मिनिटं श्वास रोखून पडद्याकडे बघायचे आणि मग हुश्श करून चहा टाकायचे. लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात, मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाच्या खोलीत, एकदा तर अंगात फणफणून ताप असताना पालथं पडून त्यांनी हा नेम चालवला होता. "आहे तरी कोण ती?" असं काकूंनी विचारलं होतं. "ऑफिसचं काम," एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून तिचं नाव सोमवारची सवत पडलं.

काका तसे कुणाचे काका नव्हते. वय सत्तेचाळीस, डोक्यावरचे केस अजून जागेवर. पण सातजणांच्या टीममध्ये सगळ्यांत जुने, म्हणून काका. या टीमकडे एकच प्रोग्रॅम होता: कोणत्या ड्रायव्हरनं कोणती बस चालवायची ते ठरवणारा. चौदा डेपो, सहाशेच्या वर ड्रायव्हर. सोमवारी पहाटे साडेपाचला नव्या आठवड्याची यादी बनायची, सव्वासहाला ती डेपोंमध्ये पोचायची आणि सातला पहिल्या गाड्या सुटायच्या.

आणि या प्रोग्रॅमच्या पोटात काकांच्या हातची एक चूक होती. एका ठिकाणी त्यांनी आठवडा रविवारपासून मोजला होता आणि दुसऱ्या ठिकाणी सोमवारपासून. त्यामुळे नवी यादी बनायची, पण जुनी पुसली जायची नाही. दोन्ही एकत्र डेपोत गेल्या की एका गाडीला दोन ड्रायव्हर आणि दुसरीला एकही नाही. पहिल्याच सोमवारी हे झालं होतं. डेपोतून फोन आला तशी काकांनी जुनी यादी हातानं उडवली आणि "नेटवर्कचा लोचा" म्हणून वेळ मारून नेली.

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर? पण त्या वेळचे साहेब वेगळे होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी एकाला चुकीबद्दल सगळ्यांसमोर अर्धा तास उभं करून सोलून काढलं होतं. ते पोरगं महिन्याभरात नोकरी सोडून गेलं. काकांची लेक तेव्हा पोटात होती. त्यांनी विचार केला, झाकली मूठ सव्वा लाखाची, चार-पाच सोमवार हातानं करू आणि सवडीनं गुपचूप दुरुस्त करू. पण कोडमध्ये केलेला बदल चारजणांना दिसतो आणि चारजण विचारतात, का केला. चाराचे चाळीस सोमवार झाले. चाळिसांची नऊ वर्षं झाली. आता सांगायचं तर चुकीपेक्षा लपवणंच मोठं झालेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

साहेब गेले, आणखी दोघे आले नि गेले, आणि गेल्या वर्षी नव्या टीमलीड आल्या. काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी एक भला मोठा थर्मास घेऊन आल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चहा सगळ्यांचा आहे, संपवेल त्यानं भरायचा." त्या दिवसापासून थर्मासबाई. बाई कमी बोलायच्या आणि भारी ऐकायच्या. एखाद्याचं काम रखडलं तर "का नाही झालं" असं न विचारता "कुठे अडलं" असं विचारायच्या. काकांना सुरुवातीला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण दहावा दिवस गेला, शंभरावाही गेला, बाई तशाच.

बाईंचा एकच नियम कडक होता. प्रत्येकानं वर्षातून सलग दोन आठवडे रजेवर जायचं आणि रजेवरच्या माणसाची किल्लीही रजेवर, म्हणजे लॉगिन बंद. त्याला कुणी फोन करायचा नाही, मेसेजही नाही. "एक माणूस नसला की गाडी थांबते, हे मला रजेच्या वेळी कळू दे, तो आजारी पडल्यावर नको," असं त्यांचं म्हणणं.

काकांनी पहिल्यांदा लेकीच्या परीक्षेचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा गुडघ्याचं. तिसऱ्यांदा बाईंनी रजेचा कागदच पुढे ठेवला. शनिवारपासून पंधरा दिवस. घरी काकू हरखल्या. तळ्याकाठी एक साधं विश्रामगृह होतं, तिथली खोली त्यांनी लगेच सांगून ठेवली. लेकीला मामाकडे धाडून बॅग भरताना म्हणाल्या, "यंदा सवतीला घरी ठेवायचं हं."

काकांना मात्र फक्त सोमवार दिसत होता. लॉगिन बंद म्हणजे सोमवारी यादी तशीच जाणार. सहाशे ड्रायव्हर, हजारो माणसं थांब्यांवर ताटकळत. आणि सांगावं तर नऊ वर्षांची अब्रू एका मिनिटात पाण्यात. कुणाला हळूच हाताशी धरावं, असंही मनात आलं. पण आपलं लपवणं दुसऱ्याच्या गळ्यात कसं बांधायचं? गुरुवारी सकाळी त्यांनी थर्मासमधला चहा दोनदा ओतून घेतला, दोन्ही वेळा गार करून टाकून दिला आणि शेवटी बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"जरा बोलायचंय. दार लावू का?"

"लावा. बसा, काका."

काका बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, रविवार-सोमवारपासून ते नवरदेवाच्या खोलीपर्यंत. शेवटी म्हणाले, "राजीनामा लिहून आणलाय. फक्त येत्या सोमवारचं तेवढं बघा."

बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. "नऊ वर्षांत किती सोमवार चुकले?"

"पहिला सोडून एकही नाही."

"बाळंतपणातसुद्धा?"

"व्हरांड्यात वायफाय होतं."

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते काकांना नीट कळेना. राग त्यांना ओळखता यायचा, त्यात ते मुरलेले होते. हे काही तसं दिसत नव्हतं. "काका, साडेचारशेच्या वर सोमवार," त्या म्हणाल्या. "तुम्ही दमला नाहीत?"

हे मात्र काकांना अनपेक्षित होतं. शिव्यांची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी दमलात का म्हणून विचारलं की त्याला बसावंच लागतं. काका मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते चष्मा पुसण्याच्या निमित्तानं पुसलं. "दमलो," ते म्हणाले. "फार दमलो."

"मग हा कागद परत घ्या. आणि दुपारी टीमला सांगा."

काका पुन्हा ताठ झाले. "टीमला कशाला? मी आज गुपचूप दुरुस्त करतो. मुलं हसतील हो."

"हसतील कदाचित. पण गुपचूप केलं तर ती मूठ पुन्हा झाकलेलीच राहील, फक्त तुमच्याऐवजी आपल्या दोघांची. जबरदस्ती नाही. तुम्हाला नाही जमलं तर मी सांगेन. मी शेजारी बसते."

दुपारी तीनला सगळे बैठकीच्या खोलीत जमले. काकांनी टेबलाकडे बघत, एका दमात सांगितलं. संपल्यावर काकांना वाटलं, झालं, आयुष्यभराची कमाई गेली.

मग शंकासुरानं घसा खाकरला. शंकासुर म्हणजे टीमचा टेस्टर, प्रोग्रॅम तपासणारा. सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा तो दोनदा तपासून घेणारा. तो म्हणाला, "काका, ती अडतीस नंबरची टेस्ट आहे ना, ती पास होतच नाही. तीन वर्षं मी ती दर वेळी नवा प्रोग्रॅम सोडायच्या आधी बंद करतो आणि नंतर चालू करतो. मला वाटलं मलाच समजत नाही."

"काय?" दोघंतिघं एकदम ओरडले.

"ओरडायचं नाही," बाई म्हणाल्या आणि उठून फळ्यावर लिहिलं: एक, काकांचा सोमवार. दोन, अडतीस नंबर. "अजून कुणाचं आहे?"

घरोघरी मातीच्या चुली, पण त्या अशा एका रांगेत पेटलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. एकजण सुट्ट्यांच्या तारखा दर महिन्याला हातानं भरत होता. दुसऱ्यानं एका डेपोचं नाव कोडमध्येच कोंबून ठेवलं होतं. तिसऱ्याचंही असंच एक निघालं. शेवटी हळूबाई बोलली. ही मुलगी इतकी हळू बोलायची की तिचं ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागायचं. "मी ना," ती म्हणाली, "दर गुरुवारी सर्व्हरची मेमरी वाढवते. नाही वाढवली तर शनिवारी तो बंद पडतो. पण कुणीतरी ती परत कमी करतं. दोन वर्षं झाली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

सर्व्हर सांभाळणारा दाढीवाला आ वासून तिच्याकडे बघत होता. "ती तू आहेस? अगं, मी दर मंगळवारी बघतो तर आकडा वाढलेला, म्हणून परत कमी करतो! कुणीतरी बाहेरचा घुसतोय म्हणून मी पासवर्ड सहा वेळा बदलला!"

"प्रत्येक नवा पासवर्ड तूच तर मला पाठवलास."

पहिल्यांदा काका हसले. कसे कोण जाणे, पण पहिलं हसू त्यांचंच फुटलं. मग सगळी खोली हसली, दाढीवाला तर टेबलावर डोकं ठेवून हसला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तेही दोन वर्षं, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून! फळ्यावर सात ओळी झाल्या. सात माणसं, सात मुठी. आठवी ओळ बाईंनी स्वतःची लिहिली: "एक वर्ष झालं, मी हे विचारलंच नव्हतं."

शुक्रवारी सकाळी दुरुस्ती झाली. बाईंची अट होती की कोड हळूबाई लिहील आणि काका शेजारी बसून फक्त सांगतील.

"काका, हात खिशात," हळूबाई म्हणाली. आज मात्र तिचं ऐकायला वाकावं लागलं नाही.

काकांचे हात चारदा कीबोर्डकडे गेले आणि चारदा परत खिशात गेले. सगळी मिळून तेवीस ओळींची दुरुस्ती. नऊ वर्षं ज्याच्या भीतीनं झोप उडाली, ते काम चहा गार व्हायच्या आत संपलं. शंकासुरानं खोटे सोमवार करून ते अकरा वेळा तपासलं. पाचच्या ठोक्याला काकांचं लॉगिन बंद झालं.

पण मन कुठे बंद होतं! तळ्याकाठच्या खोलीत शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पावणेसहाला गजर नसताना काका टक्क जागे झाले. बोटं आपोआप चादरीवर चालायला लागली. सहा वाजले. सव्वासहा. यादी पोचली असेल. खोटे सोमवार वेगळे, खरा सोमवार वेगळा. फोन गप्प होता, आणि नियम असा की तो गप्पच राहणार. चांगलं झालं तरी नि वाईट झालं तरी. काका उठून शर्ट चढवायला लागले.

"कुठे निघालात?" काकू उशीवरूनच म्हणाल्या.

"थांब्यावर. सातला पहिली बस सुटते, ती साडेसातला इथे येते."

काकू उठल्या, शाल गुंडाळली आणि बरोबर निघाल्या. हकिकत त्यांना शुक्रवारीच कळली होती. कळल्यावर त्या आधी तासभर रुसल्या, मग म्हणाल्या होत्या, "एवढं एकट्यानं वाहायचं होतं, तर लग्न कशाला केलंत?"

थांब्यावर कुणी नव्हतं. तळ्यावर धुकं होतं. सात पंचवीस झाले. काकांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. साडेसातला एक मिनिट कमी असताना वळणावर दिवे दिसले आणि बस येऊन उभी राहिली. आत ड्रायव्हर एकच. पन्नाशीचा, मिशीवाला, सकाळच्या मानानं बराच खुशीत.

"चढा."

"नाही, चढायचं नाहीये," काका म्हणाले. "आज डेपोत सगळं ठीक ना? म्हणजे ड्यूटी वगैरे?"

ड्रायव्हरनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ठीक नसायला काय झालं?"

"नाही, म्हटलं कधी एका गाडीला दोन ड्रायव्हर..."

"अहो, तुम्हाला कसं माहीत?" ड्रायव्हर हसायलाच लागला. "एकदाच झालं होतं तसं. नऊएक वर्षं झाली. मी आणि एक दुसऱ्या डेपोहून बदलून आलेला, एकाच गाडीच्या दाराशी! आधी भांडलो, मग चहा प्यायलो. आता तो माझा व्याही आहे. माझी पोरगी त्याच्या घरात. कुणाच्या हातून घोटाळा झाला देव जाणे, पण भेटला तर पाया पडेन त्याच्या."

काकूंनी तोंडावर शाल धरली. काकांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. बस निघून गेली. नऊ वर्षं ज्या सोमवाराची त्यांना लाज वाटत होती, त्या सोमवारामुळे कुणाच्या तरी घरचं लग्न जमलं होतं. काकांचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना तिथेच, थांब्याच्या बाकावर, गाढ झोप लागली.

"चला," काकू त्यांना उठवत म्हणाल्या. "खोलीत जाऊन झोपा. गेली ना ती?"

"गेली," काका म्हणाले. "आणि जाताना एक सोयरीक जुळवून गेली."

त्या दिवशी काका साडेदहापर्यंत झोपले.