हातकणंगल्याचा थांबा

"पिराजीमामा, गाडी हातकणंगल्यात अठरा मिनिटं उभी हाय," फोनवर विश्वजित म्हणाला. "काय झालं?"

"टायर बघत हुतो," पिराजी म्हणाला आणि चिमणाबाईंच्या अंगणातून घाईने उठला. त्यांच्या औषधाची पुडी हातात देऊन निघाला.

२००८ साल होतं. विश्वजितने कोल्हापुरातल्या आपल्या भाड्याच्या दहाही गाड्यांना महिन्यापूर्वी नवीन यंत्र बसवलं होतं. कोणती गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे थांबली, सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायचं. बाकीचे ड्रायव्हर चार दिवस कुरकुरले आणि विसरले. पिराजीला मात्र चैन पडेना. गाडीत एकटा असला तरी मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

पुढच्या बुधवारी नेहमीसारखं मिरज स्टेशनवर प्रवासी सोडून परतताना त्याने हातकणंगले मागे टाकलं. पाच किलोमीटर गेला आणि गाडी वळवली. संध्याकाळी विश्वजितने बोलावून घेतलं. पडद्यावर नकाशा होता. लाल ठिपके एकाच घरापाशी दाटले होते.

"दर बुधवारी टायर तिथंच बसतोय व्हय?"

दाराशी उभे असलेले ड्रायव्हर हसले. पिराजीने दार लोटून घेतलं.

"नव्याण्णव साली एक पोरगं माझ्या गाडीवर आलं. गणपती नाव. मोपेड घिऊन बोळातनं एकदम रस्त्यावर. वाचला न्हाय. कोर्टानं मला सोडलं. ते घर त्याच्या आईचं. एकटीच हाय."

"तिला ठावं हाय, तुम्हीच ते?"

"न्हाय. गणपतीचा दोस्त म्हणून जातोय. नऊ वर्सं."

 विश्वजितने पडदा बंद केला. "जात जावा. मी फोन करणार न्हाय."

परवानगी मिळाली आणि पिराजीची तगमग वाढली. इतकी वर्षं फक्त त्याला ठाऊक असलेली गोष्ट आता आणखी एकाला ठाऊक होती. ते घर तर सगळ्या ड्रायव्हरांनी नकाशावर पाहिलं होतं. उद्या कुणी सहज बोलून गेलं तर?

बुधवारपर्यंत त्याला थांबवेना. शनिवारी रजा काढून तो एसटीने गेला. चिमणाबाई खाटेवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं.

"मावशी, ती गाडी माझी हुती. मीच चालवत हुतो."

चिमणाबाईंचे हात थांबले. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी निघाली होती. तिचा शेवटचा डबा गेल्यावर चिमणाबाईंनी विचारलं,

"दवाखान्यात तूच नेलास त्याला?"

"व्हय."

"वाटंत काय बोलला?"

"पाणी मागितलं."

"दिलास?"

"दिलं की."

चिमणाबाईंनी शेंगांचं सूप उचलून खाली ठेवलं आणि त्या खाटेवर थोड्या सरकून बसल्या.