पंचेचाळीसची पाटी

थोरलीने वाकून स्वतःच्या बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, आणि धाकटीच्या पिशवीचं निसटलेलं रबरही सारखं करून दिलं. धाकटी म्हणाली, राहू दे गं ताई, मी काय लहान आहे का. पण पाय पुढे केलाच. साठीला टेकली तरी थोरल्या बहिणीसमोर तिचा पाय असा आपोआप पुढे यायचा.

तलाव एकशे बारा वर्षांचा होता. भिंतींना तडे गेले म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यातलं पाणी काढून टाकलं, आणि आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी तो लोकांना दाखवायचे. बिनपाण्याचा तलाव बघायला माणसं रांग लावतात, याचं थोरलीला हसू यायचं. तिने इथे अठ्ठावीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं होतं. धाकटीने मात्र बेचाळीस वर्षांत या दाराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज तिला आणायला थोरलीला चार वेळा फोन करावा लागला होता.

आणायचं कारण गुरुवारी घडलं. थोरली तिच्याकडे चहाला गेली होती. धाकटीची नात बारा वर्षांची, लांब पल्ल्याचं पोहते, आणि येत्या रविवारी तिची शर्यत होती. आजी, माझ्या पाट्या तू धरशील का, असं तिने विचारलं. लांबच्या शर्यतीत पोहणाऱ्याला किती फेऱ्या झाल्या याचं भान राहत नाही. म्हणून पलीकडच्या टोकाला त्याचं एक माणूस आकड्यांच्या पाट्या दाखवत उभं असतं.

"माझ्याकडून मोजून घेतेस?" धाकटी हसत म्हणाली. "अगं, मी अठ्ठावन्न."

नात हिरमुसली आणि मैत्रिणीला विचारते म्हणून आत निघून गेली. धाकटी हसतच राहिली. मग कपात साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून तिने चहा चाखून बघितला, आणि जरा वेळाने पुन्हा चाखून बघितला. थोरलीने अर्धं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

अठ्ठावन्न हे धाकटीचं घरातलं नाव. सतराव्या वर्षी देशाच्या संघासाठी निवड व्हायची होती, दीड हजार मीटरची शर्यत होती, या तलावाच्या साठ फेऱ्या. ती सगळ्यांच्या पुढे होती. अठ्ठावन्न फेऱ्या झाल्या आणि आपण जिंकलो असं समजून ती थांबली, हात वर केला. लोक ओरडत होते, तिला वाटलं कौतुकाने ओरडताहेत. काय झालं ते कळेपर्यंत तिघीजणी पुढे निघून गेल्या होत्या. घरी वडील एवढंच म्हणाले की हिच्या हातापायांत जोर आहे, डोक्यात भुसा. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही. तेव्हापासून ती दाराची कडी दोनदा बघते आणि स्वतःच्या गोळ्या नवऱ्याकडून मोजून घेते.

त्या दिवशी पलीकडच्या टोकाला पाट्या थोरलीने धरल्या होत्या.

आज काठावर उभं राहून तिला सांगून टाकायचं, असं थोरलीने ठरवलं होतं. पाट्या एकमेकींना चिकटल्या, एक आकडा गळला, तुझी काही चूक नव्हती. आरशासमोर तिने हे दोनदा म्हणूनही बघितलं होतं. त्यापुढचं सांगायची काही गरज नव्हती. निम्मं खरं म्हणजेही खरंच की, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. अशा समजुती घालण्यात तिचा हात बसलेला होता.

तलाव दाखवणारा माणूस इथलाच जुना जीवरक्षक, गळ्यात शिट्टी अजून तशीच. थोरलीला बघताच त्याचा चेहरा खुलला. बरोबरच्या सात-आठ जणांना त्याने सांगितलं की या आमच्या मॅडम, निम्मं गाव यांच्या हाताखाली पोहायला शिकलं. धाकटीला तो ओळखत नव्हता. मग त्याने बायकांचं वेगळं दार दाखवलं, फरशांवरची नक्षी दाखवली, थांबलेलं घड्याळ दाखवलं. धाकटी कठड्याला धरून सगळ्यांच्या मागून चालत होती. रिकाम्या तळाकडे तिने अजून नजर टाकली नव्हती.

पलीकडच्या टोकाशी आल्यावर जीवरक्षक थांबला.

"आता आमच्या तलावाची खास गोष्ट. मॅडमना पाठ आहे ती."

आणि त्याने ती सांगितली. अशी अशी एक पोरगी होती, पाण्यात मासोळी, पण आकड्यांशी वैर. दोन फेऱ्या बाकी असताना पठ्ठी थांबली, वर आणि हात हलवून लोकांचे नमस्कार घेऊ लागली. त्याने हात हलवूनही दाखवला. माणसं खो-खो हसली. तेव्हापासून इथे कुणी काम अर्धवट टाकलं की म्हणतात, केलंस ना अठ्ठावन्न, हेही त्याने सांगितलं.

सगळ्यांत मोठ्याने धाकटी हसली. तिला सराव होता. थोरलीने ही गोष्ट अठ्ठावीस वर्षं ऐकली होती आणि एकदाही, बाबा रे, पुरे कर, असं म्हटलं नव्हतं. आजही ती थांबलेल्या घड्याळाकडे बघत राहिली.

जीवरक्षकाने कोपऱ्यातल्या खोक्यातून एक जड वस्तू उचलली आणि स्टँडवर अडकवली. दोन कड्यांत ओवलेल्या पत्र्याच्या पाट्या, पांढऱ्यावर काळे आकडे. माळा साफ करताना सापडल्या, तो म्हणाला. त्याच शर्यतीतल्या, त्याच पोरीच्या. अपशकुनी म्हणून नंतर कुणी वापरल्याच नाहीत.

त्या भंगारात गेल्या असतील असं थोरली धरून चालली होती. कधी चौकशी मात्र केली नव्हती.

"या ताई, तुम्ही उलटा बघू," जीवरक्षक धाकटीला म्हणाला.

उशीर होतोय, निघू या, असं थोरली पुटपुटली. तोवर धाकटी स्टँडपाशी पोचली होती. ती एकेक पाटी उलटायला लागली आणि लोक हौसेने मोठ्याने वाचायला लागले. पलीकडच्या टोकाला फक्त विषम आकडे दिसतात. एक, तीन, पाच. धाकटीचाही आवाज त्यांच्यात मिसळला. एकोणचाळीस, एकेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस.

आवाज थांबले. चष्मा लावलेली एक बाई म्हणाली, पंचेचाळीस राहिली वाटतं.

"माझंच चुकलं असेल," धाकटी लगेच म्हणाली, आणि मागे गेली. एकेचाळीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. मग तिचा अंगठा पाटीच्या कडेवरून फिरला आणि तिथेच थांबला.

दोन पत्र्यांचा तो जाडपणा थोरलीला स्वतःच्या अंगठ्यात जाणवला. आदल्या दिवशीच पाट्यांना नवा रंग दिला होता, तो पुरता वाळला नव्हता. सत्तेचाळीसची पाटी दाखवून झाली, धाकटीचे पाय भिंतीपासून सुटले, आणि त्याच क्षणी थोरलीला कळलं होतं की दोन पाट्या एकदम उलटल्या. करायचं होतं ते अगदी सोपं होतं. पुढच्या खेपेला तीच पाटी पुन्हा दाखवायची. कुणाला पत्ताही लागला नसता. त्यानंतर धाकटी सहा वेळा त्या भिंतीशी आली आणि सहाही वेळा थोरलीने पुढची पाटी उलटली. त्याच वर्षी वडील तिला म्हणाले होते, तुझं पोहणं आता पुरे, तू हिच्या पाट्या धर. तिला धाकटीला हरलेलं बघायचं होतं. एकदाच बघायचं होतं. सत्तावन्नाव्या फेरीला एकोणसाठची पाटी धरताना तिचा हात जरासुद्धा हलला नव्हता.

धाकटीने केसांतली पिन काढली, दोन पत्र्यांच्या मध्ये घातली आणि हळूहळू फिरवली. करकर आवाज होऊन पाटी सुटली. इतर पाट्या पिवळ्या पडल्या होत्या. पंचेचाळीसची काल रंगवल्यासारखी पांढरी होती.

"अरेच्चा," जीवरक्षक म्हणाला. "म्हणजे त्या पोरीचं चुकलंच नव्हतं की काय? मॅडम, या पाट्या तेव्हा कुणी धरल्या होत्या हो?"

थोरली वाकून बुटावरच्या पिशवीचं रबर सारखं करू लागली.

"असेल कुणीतरी तिच्या घरचंच," धाकटी म्हणाली, आणि पिन केसांत खोचली.

लोक पुढे पाण्याच्या टाकीकडे गेले. या दोघी दारापाशी परत आल्या आणि बाकावर बसल्या. धाकटीने पायातल्या पिशव्या स्वतःच काढल्या, एकात एक घातल्या.

"ताई, तुला कधी कळलं?"

उत्तर तयारच होतं. "आत्ताच गं. तुझ्याबरोबरच. रंग ओला असेल, चिकटल्या असतील."

धाकटीने मान हलवली.

"मी भिंतीला हात लावला, डोकं वर काढलं, की तू ओरडायचीस. चल, चल. सुरुवातीपासून प्रत्येक वळणाला." ती सावकाश बोलत होती. "सत्तेचाळीसनंतर तू ओरडली नाहीस. सहा वेळा आले मी. एकदाही नाही."

थोरली बाकाच्या फळीवरचा सुटलेला रंग नखाने खरवडू लागली.

"मला वाटलं, मी जिंकतेय म्हणून तुझा गळा भरून आलाय. पोरीला सांगितलंय मी हे. नातीलासुद्धा सांगितलंय. आपण हरलो त्याचं काही नाही, पण ताईचा जीव बघा, असं."

तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला. नातीशी बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. रविवारी तुझ्या पाट्या मी धरणार, मैत्रिणीला नको म्हणून सांग, असं ती म्हणाली. हो, येतं मला मोजता. पलीकडून नात काहीतरी विचारत होती, फोनमधून तिचा बारीक, उत्साहाचा आवाज बाकापर्यंत येत होता. मोठी आजी पण येईल ना, तिला सगळं माहीत असतं.

"नाही," धाकटी म्हणाली. "ती नाही येणार."

मग तिने पिशव्या टोपलीत टाकल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर गेली. थोरलीच्या पायांत पिशव्या अजून तशाच होत्या.