प्रभुभोजनाच्या दिवशी अडलेली म्हैस

कसबा बावड्याच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घ्यायच्या दिवशी, बाळाबाई दारात उभ्या असायच्या. प्रभूच्या मेजाशी स्वच्छ होऊन यावं, असं लहानपणी मिशनच्या मडमसाहेबांनी त्यांना शिकवलं होतं. मडमसाहेब केव्हाच बोटीनं मायदेशी गेल्या, देशही स्वतंत्र झाला, पण बाळाबाईंचा नेम ढळला नाही. दाराशी पाण्याची घागर, साबणाची वडी आणि पंचा. हात दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडणं नाही. खुद्द पाळक त्र्यंबकरावसुद्धा निमूटपणे नखं दाखवून आत जात.

त्या रविवारी घंटा होऊन गेल्यावर तानाबाई धावत आली. ओढ्यापलीकडे राहणारी, याच मंडळीतली. पदर खोचलेला आणि हात कोपरापर्यंत शेणानं नि कसल्याशा चिकट्यानं माखलेले. ती "आक्का" एवढंच म्हणाली, तोच बाळाबाईंनी दारात हात आडवा धरला.

"गोठ्यातनं उठून थेट प्रभूच्या मेजाला? तुझ्यापरीस जनावरं बरी. त्यास्नी पाण्यात उतरायचं तरी कळतं."

आत बसलेली माणसं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं. तानाबाई आली तशी माघारी पळाली.

बाळाबाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. त्र्यंबकरावांनी वाचायला उतारा काढला तो नेमका हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांचा. परूशी, म्हणजे नियमांवर बोट ठेवणारे त्या काळचे धर्मपुढारी, त्यांना नावं ठेवतात आणि येशू सांगतो, की माणूस बाहेरच्या मळानं बाटत नाही, त्याच्या मनातून जे निघतं त्यानं बाटतो. बाळाबाईंना हा उतारा पाठ होता. दरवेळी त्यांना परूशांचा चांगला राग यायचा. आज मात्र डोळ्यांपुढं परूशी येईनात, दारात आडवा धरलेला आपलाच हात येऊ लागला. गीत सुरू झालं. सगळ्यांबरोबर बाळाबाई गायला उभ्या राहिल्या आणि तशाच चालत दाराबाहेर पडल्या.

ओढा ओलांडून त्या गोठ्यात पोचल्या, तर म्हैस आडवी पडून कण्हत होती आणि तानाबाई घामानं निथळत होती. तिचा नवरा आकाराम चंदगडला गेलेला.

"म्हस अडलीया, आक्का," ती म्हणाली. "मदतीला माणूस मागायला आलते मी."

"आणि मी तुला बोलूच दिलं न्हाय," बाळाबाई म्हणाल्या. "चुकलं माझं. आता काय करू सांग."

रेडकाचे पाय बाहेर आले होते, पण मान आत मुडपली होती. तानाबाईचा दणकट हात तिथवर जाईना. बाळाबाईंनी आपला काडीसारखा हात पाहिला, पांढऱ्या पोलक्याची बाही वर सारली आणि शेणात गुडघे टेकले. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा कुठं त्यांना रेडकाचं नाक लागलं. ते धरून त्यांनी मान हळूहळू सरळ वळवली.

इतक्यात बाळाबाईंना शोधत त्र्यंबकराव धापा टाकत आले. प्याल्याच्या कपाटाची किल्ली बाळाबाईंच्या कमरेला होती आणि तिकडं मंडळी गीताचं शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा गात ताटकळली होती.

"किल्ली ऱ्हाऊ द्या," बाळाबाई म्हणाल्या. "पाय धरा आणि मी सांगितल्यावर वढा."

पाळकांनी कोट खुंटीला अडकवला आणि पाय धरले. म्हैस कळ देई तसे दोघं ओढत राहिले. एकदम रेडकू सुटलं आणि त्र्यंबकराव त्याला मांडीवर घेऊन मागं आपटले. तानाबाईनं रेडकाच्या नाकातोंडातला चिकटा पुसला. त्यानं कान हलवले, तशी ती मटकन खाली बसून हसायला लागली. त्या हसण्यात पाळकही सामील झाले. बाळाबाईंनी रडून घेतलं आणि मग त्याही हसल्या.

तिघं ओढ्यावर हात धुऊन चर्चमध्ये आले, पण कपड्यांचे डाग कुठं जायला? बाळाबाईंनी तानाबाईला आपल्याशेजारी, अगदी पहिल्या बाकावर बसवलं. अख्ख्या चर्चला गोठ्याचा वास सुटला होता. त्र्यंबकरावांनी त्याच ओल्या धोतरावर भाकर मोडली. हसायची आता कुणाची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी तानाबाई खरवसाचं पातेलं घेऊन बाळाबाईंच्या दारात आली. बाळाबाई उंबऱ्यावरच बसल्या आणि त्यांनी पातेल्यातच हात घालून खरवसाची वडी तोंडात टाकली.

"आक्का," तानाबाई म्हणाली, "हात?"

"गप बस," बाळाबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या. "गूळ जरा कमी पडलाय."