फ्रीजवरचा हिरवा-पिवळा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. जुना म्हणजे अवघ्या अकरा महिन्यांचा, पण एवढ्यात मी जे सोसलं ते एखाद्या ट्रकच्या नशिबी येत नाही. आकार पानाचा, अर्धा पिवळा, अर्धा हिरवा, पाठीला चुंबक. आमच्या जपानात नवं लायसन्स मिळालं की वर्षभर गाडीच्या मागे मी आणि पुढे माझा जुळा भाऊ. "सांभाळा हो, नवखा आहे," एवढंच आमचं सांगणं.

माझी मालकीण तोमोए, वय एकसष्ट. तिच्या नवऱ्याची, म्हणजे इवाओंची, आधी किडनी गेली, मग नजर अधू झाली, मग त्यांनी लायसन्स परत केलं. आठवड्यातून तीनदा त्यांना शहरात डायलिसिसला न्यायचं, आणि आमच्या डोंगरातली बस तर केव्हाच बंद पडलेली. "अहो, मीच शिकते," म्हणाली, आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून शिकली.

पण पहिल्या वर्षाचा कायदा मोठा खाष्ट. चुकांचे तीन गुण झाले की एक दिवस वर्गाला बसायचं. वर्ग चुकवला तर पुन्हा परीक्षा. त्यात नापास, तर लायसन्स गेलंच. शाळेत गुण वाढले की कौतुक, इथे वाढले की कपाळाला हात.

पहिले दोन गुण नमस्काराने मिळवले. थांबायच्या रेषेपाशी पोलीस उभा. तोमोए गाडी थांबवतच होती, तेवढ्यात तिला तो दिसला. सवयीने नमस्काराला वाकली ती अशी वाकली, की कपाळ हॉर्नवर आणि पाय ब्रेकवरून वर. गाडी बोंबलत रेषेपार.

"काकू, नमस्कार पोचला," पोलीस म्हणाला. "आता गाडी बाजूला घ्या."

तिसरा गुण इवाओंमुळे. गाडी पुसायचं त्यांना वेड. रंगावर चुंबकाचा डाग नको म्हणून मला काढायचे आणि फ्रीजवर चिकटवायचे. एकदा तिथेच विसरले. तोमोए तशीच बाजारात गेली आणि मागे बिल्ला नाही म्हणून पकडली गेली.

"राहू दे आता त्याला तिथेच!" ती कडाडली. "गाडीला मी दुसरा आणते!"

अशी मला फ्रीजवर बदली मिळाली.

आठवड्याने वर्गाचं पत्र आलं. ती मळ्यात होती. इवाओंनी सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून पत्र घेतलं, बारीक अक्षर दिसेना, दवाखान्याचं असेल म्हणून माझ्याखाली अडकवलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कचऱ्याचं वेळापत्रक चढलं. आज कचऱ्यात बाटल्या द्यायच्या की डबे, हे बघायला तोमोए रोज माझ्यासमोर उभी राहायची. मित्रांनो, पाठीखाली ते पत्र, समोर ती, आणि मला वाचा नाही! महिनाभर मी तळमळलो. तारीख उलटून गेली.

मग वर्ग चुकवला म्हणून परीक्षेचं बोलावणं आलं, तेव्हा तिने वेळापत्रक उचललं.

"हे कधी आलं?"

"मला वाटलं, दवाखान्याचं आहे."

"वाटलं! अहो, डोळ्यांना दिसत नाही, तोंडाला काय झालंय? विचारायचं ना!"



परीक्षेला जाताना तिने ठरवलं होतं, काही झालं तरी वाकायचं नाही. परीक्षक गाडीत बसताना वाकले. ही ताठ. मग ते तिच्या मनाला असं डाचत राहिलं, की ऐन वळणावर तिने राहिलेला नमस्कार फेडला. चाक कट्ट्यावर, आणि लायसन्स गेलं.

घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

आता शेजारचे उजीसान इवाओंना नेतात. ते स्वतःच अठ्ठ्याहत्तरचे, वसंतात लायसन्स परत करणार. तोपर्यंत तोमोएला पुन्हा पहिल्यापासून शिकून पास व्हायचंय. पुस्तक घेऊन ती रोज गाडी शिकायच्या शाळेत चालत निघते, तीन डोंगर ओलांडून.

इवाओंनी मला फ्रीजवरून काढलं, पुसलं आणि छपरीतल्या गाडीवर, त्या दुसऱ्या बिल्ल्याच्या जागी लावलं. म्हणून मित्रांनो, ज्याची जागा जिथे, तिथेच त्याला राहू द्या, आणि आलेलं पत्र वाचता आलं नाही तर कुणाला तरी विचारा.

काल ते गाडी पुसत होते. माझ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला.

"अहो, डाग पडेल ना," तोमोए दारातून म्हणाली.

"पडू दे," इवाओ म्हणाले, आणि माझ्या कडेकडेने पुसत राहिले.