काट्याची मृत्युपूर्व जबानी

आर्वीला आमच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर मरतो. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की हमखास मरतो. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, मरताना त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते पाठवा, मगच रोग सांगू. त्याला डम्प म्हणतात. मृत्युपूर्व जबानीच म्हणा ना. काट्यावरच्या कॉम्प्युटरची डिस्क भरवशाची नाही, म्हणून मी ऑफिसपर्यंत केबल टाकली आणि मरता मरता ती जबानी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठवायची सोय केली.

जबानी यायची, पण अर्धीच.

आणि उद्या वर्ध्याला माझा साखरपुडा. आमचे मॅनेजर प्रभाकरराव यांनी साफ सांगितलं होतं, पूर्ण डम्प हाती आल्याशिवाय सुट्टी नाही. तिकडे मुलीकडचे हॉल सजवतायत आणि मी इकडे केबल तपासतोय. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

काटा गेला की मी तिकडे धावायचो आणि परत येऊन बघावं तर ऑफिसातला कॉम्प्युटरही बंद. आज सकाळी धावलोच नाही, दाराआड उभा राहिलो. काट्यावर बसणारी मयुरी ओरडली, कॉम्प्युटर गेला म्हणून. त्यासरशी प्रभाकरराव उठले आणि त्यांनी शांतपणे ऑफिसचा मेन स्विच पाडला.

हे काय केलंत, म्हणून मी ओरडलो. उलट त्यांनाच माझी कीव आली. अल्लीपूरला त्यांची शेती आहे. तिथे एकाची मोटर जळली की त्या डीपीवरचे, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे धावत जाऊन आपापले स्टार्टर बंद करतात, नाहीतर पुढचा नंबर त्यांचा. मग इथे एक कॉम्प्युटर गेल्यावर बाकीचे वाचवायचे नाहीत का, असं त्यांचं म्हणणं. जबानी लिहून घेणारा जागा पाहिजे, हे मी त्यांना दात आवळून समजावलं. मेन स्विचला हात लावणार नाही, असं त्यांनी कबूल केलं.

दुपारी काटा पुन्हा गेला. मी ऑफिसातच ठाण मांडलं होतं. डम्प निम्मा आला, पाऊण आला. प्रभाकरराव कासावीस होऊन मोबाईलवर कुणाशी तरी हळू बोलत होते. पण जागचे हलले नाहीत, तेवढ्यानेच मला भरून आलं. अगदी थोडा उरला होता आणि लाईट गेली. आमची, काट्याची, रस्त्यापलीकडच्या चहावाल्याचीसुद्धा.

"मेनले म्या हात नाई लावला," प्रभाकरराव म्हणाले. "लाईनमनले फोन केला. कैलास आपल्याच गावचा हाय."

मी खुर्चीत बसलो. खरंच रडू येत होतं.

"लाईटच नाई तं हापीस कायचं? जा तू साखरपुड्याले," ते म्हणाले. "पण लग्नाच्या सुट्टीले डम्प पुरा पायजे, सांगून ठेवतो."

मी बॅग उचलली, दारापर्यंत गेलो, परत फिरलो आणि कैलासचा नंबर तेवढा मागून घेतला.