घागरीवरचा आंबा

“औंदा तरी मन्ही घागरनं चित्र काढा,” पाट मांडता मांडता भागीरथी नवऱ्याला, वाल्मिकला म्हणाली.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ होती. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या एका खोलीत वाल्मिकच्या वारलेल्या आईच्या नावाने मातीची घागर भरली होती. तिच्या तोंडावर खरबूज, खरबुजाला टेकून आंबा.

‘पुढच्या वर्षी’ असं वाल्मिकने सव्वीस वर्षं सांगितलं होतं. कतारगामच्या एका कारखान्यात तो हॉटेलांसाठी चित्रांच्या नकला रंगवायचा. मालकाने पहिल्याच दिवशी एका पुस्तकातलं पान त्याच्या हातात दिलं. चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या कुणा फ्लेमिश चित्रकाराने रंगवलेलं टेबल, त्यावर अर्धवट सोललेलं लिंबू, द्राक्षं आणि सुरी. सुरीच्या पात्यावर त्या माणसाने बारीक अक्षरांत आपलं नाव लिहिलं होतं. ते कुणाला वाचता येत नसे आणि नकलेत उतरवायचंही नसे. वाल्मिक त्याला ‘लिंबूवाला’ म्हणायचा. सोललेलं लिंबू असं वाया गेल्यावर याची बायको याला काय बोलत असेल, याची त्याला उगाच काळजी. परक्या घरचं लिंबू त्याने शेकडो वेळा रंगवलं, घरची घागर तेवढी राहिली. हाताजवळचं कुठे पळून जातंय, असं आपल्याला वाटतं खरं.

गेल्या महिन्यात त्याने लिंबाची साल लिंबापासून बोटभर लांब रंगवली. मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा मागवला आणि आता घरी आराम कर म्हणाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध गेलाय, यावर आता इलाज नाही. भागीरथीला वाल्मिकने सुट्टी आहे एवढंच सांगितलं होतं.

तिने रंगांचा डबा पुढ्यात आणून ठेवला. त्याने ब्रश उचलला, घागरीकडे पाहिलं, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

“तुम्हले काय दिखस?” तिने हळूच विचारलं.

“पाटन्या कडा दिखतस. मझार काहीच नही.”

ती रडली नाही. तिने त्याचा हात धरला आणि आंब्यावर नेऊन ठेवला. वाल्मिकला स्वतःचीच चीड आली, सव्वीस वर्षांची. त्याने आंबा चाचपला, देठ शोधला आणि खिडकीतलं ऊन येत होतं त्या अंगाला तो जरासा वळवला.

“आते बराबर,” तो म्हणाला.

दुपारी नैवेद्य दाखवताना भागीरथीने आंबा होता तसाच राहू दिला. ब्रशला रंग लागलाच नव्हता. तरी तिने तो धुतला, पदराला पुसला आणि डब्यात ठेवला.