बसायचं नाही, उभं राहायचं

पाम्पोरोवो या बर्फाळ डोंगरातल्या गावी लहान मुलांच्या उतारावर एक ओढ-लिफ्ट होती. फिरत्या दोराला दांडे लोंबायचे आणि दांड्याच्या टोकाला एक तबकडी असायची. ती मांड्यांमध्ये धरून स्कीवर उभं राहिलं की दोर माणसाला अलगद वर ओढून न्यायचा. नवखी मुलं हमखास तबकडीवर बसायला जात आणि आपटत. म्हणून खाली उभे असलेले मनोलकाका प्रत्येक तबकडी हातानं धरून देत आणि प्रत्येकाला तेच सांगत, "बसायचं नाही रे बाळा, उभं राहायचं." सत्तावीस हिवाळे त्यांचं हे चाललं होतं.

वेल्को त्याच उतारावर मुलांना शिकवायचा. हिवाळ्यापुरतीच नोकरी. संध्याकाळी पाचला हॉटेलच्या रिसेप्शनवरचा एकुलता एक संगणक त्याला अर्धा तास मिळे. तेवढा वेळ हॉटेलचा फोन अडकायचा, म्हणून काउंटरवरची विहरा घड्याळाकडे बघत बसायची. साल होतं १९९९. वेल्कोनं इंटरनेटवर स्वतःचं एक पान उघडलं होतं. आज बर्फ किती पडला, कोण कसं घसरलं, जेवायला काय होतं, असं सगळं तो त्यावर लिहायचा. कॅनडात गेलेला कुणी गाववाला उत्तर पाठवायचा, "पाटात्निकबद्दल अजून लिही. बटाट्याची अशी जाड पोळी इथं मिळत नाही." वाचकांचा आकडा त्रेचाळीसवर गेला तेव्हा वेल्कोनं विहराला चॉकलेट दिलं. वाचणारे सगळे दूरदेशीचे, असंच त्याला वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्यानं मनोलकाकांवर लिहिलं. प्रेमानंच लिहिलं. त्यांचा डोंगरी चहा, चिमुकलं पोर आलं की लिफ्टचा वेग कमी करणं, सगळं आलं. आणि शेवटी एक ओळ: 'गंमत म्हणजे, या माणसानं जन्मात कधी पायाला स्की लावलेली नाही.'

बुधवारी सकाळी काकांनी त्याला चहा विचारला नाही.

"थर्मास विसरलात का काका?"

"नाही. भरलेला आहे."

दोन मुलांना वर पाठवून झाल्यावर ते खाली बघतच बोलले, "यासेनाचा फोन होता." यासेना म्हणजे प्लोव्दिवला राहणारी त्यांची नऊ वर्षांची नात. "तिची आई इंटरनेटच्या दुकानात जाते. तुझं लिहिलेलं तिथं लेकीला वाचून दाखवलं. आणि मी पोरीला सांगून ठेवलेलं, तरुणपणी मी स्कीच्या शर्यती जिंकायचो. ती विचारते, आजोबा, हे खरं का? मी फोनच ठेवला."

वेल्कोचा चेहरा उतरला. "मी ते काढून टाकतो, काका. उलट लिहितो, की मीच थाप मारली."

"म्हणजे माझ्या थापेवर तुझी थाप रचायची? शनिवारी येतेय ती. काय तोंड दाखवू तिला?"

वेल्कोनं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चार वाजता लिफ्ट बंद होते. त्यानंतर तास-दीड तास उजेड असतो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग उताराकडे.

लिफ्ट बंद, म्हणून दोघं खेकड्यासारखे आडवे आडवे पाय टाकत थोडं वर चढत. वेल्को त्यांना सहा वर्षांच्या मुलाला शिकवावं तसं शिकवी, घाई न करता, एका वेळी एकच गोष्ट. "टाचा बाहेर ढकला. पाटात्निकचा तुकडा कापतात ना, तसा स्कींचा त्रिकोण, की थांबता येतं."

"भूक लागेल असं शिकवू नकोस रे."

शुक्रवारपर्यंत काका वीस पावलं घसरून आपले आपण थांबायला लागले.

शनिवारी यासेना आली ती मान खाली घालूनच. काकांनी टोपी काढली. "यासे, मी तुला खोटं सांगितलं होतं. मी कधी शर्यत जिंकलो नाही."

"म्हणजे तुम्हाला खरंच येत नाही?"

"तीन दिवसांपासून थोडं येतं."

पोरीनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं, आजोबा. मला स्कीची भीती वाटते. गेल्या वर्षी पोट दुखतंय म्हणाले ना मी, तेव्हा दुखत नव्हतं. शर्यती जिंकणाऱ्या आजोबांना कसं सांगणार होते?"

 काकांनी वाकून तिच्या बुटांचे पट्टे आवळले, मग स्वतःचे.

तबकड्या धरायला त्या दिवशी वेल्को उभा राहिला. यासेना आधी गेली, ओठ दाबून, काठीसारखी ताठ. मागून मनोलकाकांनी स्वतःसाठी तबकडी घेतली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. घेतली आणि निवांत खुर्चीवर टेकावं तसे तिच्यावर बसले. तबकडी खाली गेली, काका उताणे.

वरून आवाज आला, "आजोबा, बसायचं नाही, उभं राहायचं!"

मागची रांग खो खो हसली. मिशीत बर्फ घेऊन काकाही हसले.

संध्याकाळी वेल्को रिसेप्शनवर गेला नाही. पानासाठीचा मजकूर कागदावर लिहून तो लिफ्टच्या खोपटात घेऊन गेला. "आधी तुम्ही वाचा काका. नको म्हणालात तर फाडतो."

काकांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. यासेना त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती.

"दोनदा पडलो असं लिहिलंयस," काका म्हणाले. "तीनदा पडलो. विचार हिला."

यासेनानं तीन बोटं दाखवली. वेल्कोनं खोडून दुरुस्त केलं. तोवर काकांनी थर्मास उघडून झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढं धरला.